भांड्यांची खोली

९ नोव्हेंबर, रविवार

मेमरी कार्ड आत जात नाही. जोर लावला. माझा नवरा तेजस म्हणाला, "मोडशील." उलटं करून घातलं, गेलं. नखाएवढी वस्तू, पण तिलाही पाठ आणि पोट आहे.

वायर लावली. तांबडा दिवा लागला. टीव्हीचा पडदा काळाच राहिला. तांबड्याशेजारी हिरवा दिवा लुकलुकला पाहिजे, असं प्रेमराजने सांगितलं होतं. तो एकदाही लागला नाही.

प्रेमराज माझा धाकटा भाऊ. धुळ्याला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. भाऊबीजेला त्याने साडीऐवजी हा बोर्ड दिला. पत्त्यांच्या कॅटएवढा हिरवा तुकडा, कडेला भोकं. "अक्का, हाऊ पुरा कॉम्प्युटर शे," असं म्हणाला होता. माहेरी आई त्याच्यावर चिडली. साडी ती साडी, म्हणाली.

सासूबाई दोनदा येऊन पाहून गेल्या. दुसऱ्यांदा दारातच थांबल्या.

"काय करू राह्यली व माय, सकायपासून? तांबडा लागला ना?"

"हिरवा लागायला हवा, आई."

"म्हंजे रेल्वेच्या शिंगलसारखं."

"तसंच."

"मंग थांब. गाडी येईन."

गाडी आली नाही. वायर काढून ठेवली.

१० नोव्हेंबर

प्रेमराज फोनवर हसत सुटला. "अक्का, तू ती फाइल नुसती कॉपी करी दिनी का? त्या काय गाना शेतस?"

मी म्हटलं, तू पाठवलेली फाइल कार्डात दिसते आहे, आणखी काय हवं?

"टाकीसन नही चालत. कार्डवर लिखनं पडस."

त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम असतो. तो फाइल उलगडून कार्डावर जागच्या जागी मांडतो. मला समजलं ते असं: बोर्डाला स्वतःचं काहीच आठवत नाही. वीज आली की तो जागा होतो आणि आधी कार्ड वाचतो. आपण कोण, पडदा कसा उजळायचा, अक्षरं कशी काढायची, हे त्याला तिथे कळतं. मी पुस्तक बासनात गुंडाळून, गाठ मारून त्याच्यापुढे ठेवलं होतं. त्याला गाठ सोडता येत नाही.

एम.ए. मराठी. अमळनेरला दोन वर्षं काढली. वाचणं आणि जवळ बाळगणं यांतला फरक तिथे शिकवत होते.

१२ नोव्हेंबर

आज शालिग्राम नानांना अर्ज दिला. ते गावच्या वाचनालयाचे अध्यक्ष, आणि तेजसचे चुलत काका. वाचनालयात हात असलेली खुर्ची एकच आहे. ती त्यांची.

वाचनालयात पेपर सकाळी वाचून होतो. मग दिवसभर ओट्यावर पत्ते चालतात. बायका येत नाहीत. पुस्तक बदलायचं तर पोरांना पाठवतात. लग्न होऊन आल्यावर मी एकदा गेले होते. खेळणारे एकेक करून उठले आणि पत्ते खिशात घालून निघून गेले. कुणी वाईट बोललं नाही. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मागच्या बाजूला एक खोली आहे. तिला वेगळं दार आहे. तिथे गावची भांडी असतात: पातेली, घमेली, झारे, आणि बडगी. बडगी म्हणजे भरीत ठेचायचं लाकडी भांडं, दोघांनी उचलावं लागतं. ही खोली बायकांना द्या, मी तिथे कॉम्प्युटर चालवून शिकवते, असा अर्ज. पाच मुद्दे लिहिले.

नानांनी अर्ज वाचला, घडी घातली, त्या घडीनेच वारा घेतला.

"सूनबाई, भांडी कुठी ठेवू? माह्या डोक्यावर?"

"देवळामागे पत्र्याची शेड रिकामी आहे."

"आणि तुमचं मशीन कुठी हाये?"

मी पिशवीतून बोर्ड काढून दाखवला. ओट्यावरचे लोक पत्ते थांबवून पाहायला लागले. एक जण म्हणाला, "नाना, हे तर माचिसमध्ये मावंल. खोली कशाले पाहिजे?"

सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन रडले, थोडंच.

संध्याकाळी सासूबाईंनी चुलीवर वांगी भाजली. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर, हिरव्या मिरच्या घालून. डबा भरून म्हणाल्या, शालिग्रामकडे देऊन येते, त्याच्या घरी जाळावरचं करत नाहीत. ज्या माणसाने माझ्या अर्जाने वारा घेतला, त्याला भरीत.

१३ नोव्हेंबर

नानांनी बोलावून घेतलं. रात्री अर्ज पुन्हा वाचला म्हणे. तिसरा मुद्दा पटला असणार, आकडेवारीचा.

ते म्हणाले, "चंपाषष्ठीले भांडी बाहेर निघतात. देवळात भरीत-रोडगे होतात. त्या दिवशी खोली रिकामी. आरतीच्या आधी तुमचं मशीन चालू करून दाखवा. तोंडी नाही, डोळ्यांनी दिसलं पाहिजे. दिसलं तर भांडी शेडमध्ये जातील. नाही दिसलं तर बडगी परत आत."

चंपाषष्ठी २६ ला आहे.

नीट मांडलेल्या मुद्द्याला माणूस अखेर मान देतो. हे लिहून ठेवते.

१६ नोव्हेंबर, रविवार

आला! हिरवा दिवा!

तेजसची सुट्टी होती. तो वरणगावच्या कारखान्यात आहे, घरी असला की झोपतो, पण आज झोपला नाही. त्याच्या लॅपटॉपवर प्रेमराजने पाठवलेली फाइल कार्डावर लिहिली. लिहून होईपर्यंत आम्ही दोघं त्या पट्टीकडे पाहत बसलो. कार्ड बोर्डात घातलं, बरोबर बाजूने, सोनेरी पट्ट्या बोर्डाकडे. वायर लावली. तांबडा. मग हिरवा, लुकलुक, लुकलुक, कुणीतरी आत घाईघाईने वाचत असल्यासारखा. पडदा उजळला. काळ्यावर पांढऱ्या ओळी पळाल्या आणि मग निळं आकाश आलं.

तेजसने मला उचललं. सासूबाई दारात होत्या. त्याने खाली ठेवलं.

"गाडी आली," सासूबाई म्हणाल्या. मग बोर्डाकडे वाकून, "येवढ्यात हाये का बठ्ठं?"

मी कार्ड बाहेर काढून दाखवलं, बोर्ड आधी नीट बंद करून. "या बोर्डात काही नाही, आई. सगळा जीव या तुकड्यात आहे. हे काढलं की तो मेला. घातलं की जिवंत."

त्यांनी कार्ड तळहातावर घेतलं. बराच वेळ पाहिलं. "राक्षसाचा जीव पोपटात असते, तसं."

"तसंच."

"आणि ह्या सोन्याच्या रेघा?"

"तिथून तो वाचतो. ते त्याचं तोंड म्हणा."

त्यांनी कार्ड परत दिलं, प्रसाद देतात तसं दोन्ही हातांनी.

प्रेमराजने त्या फाइलीत काय काय भरून दिलंय. मराठी टंकलेखन, शब्दकोश, नकाशे. आणि पत्त्यांचा खेळ. एकट्याने खेळायचा, रंग लावत जायचा. तो मी काढून टाकणार. खोली त्यासाठी नाही. ओट्यावर तेवढं पुरेसं आहे.

१९ नोव्हेंबर

दुपारी वीज गेली. बोर्ड चालू होता. वीज आल्यावर हिरवा दिवा लागला, पण पडदा अर्ध्यात थांबला. वाचता वाचता पान फाटल्यासारखं. प्रेमराज म्हणतो, हे होतं, पुन्हा लिही. पुन्हा लिहिलं. चाललं.

आता काम झालं की कार्ड काढून डबीत ठेवते. सासूबाईंनी हिंगाची रिकामी डबी धुऊन दिली. कार्डाला अजून वास येतो.

नाना रस्त्यात भेटले. म्हणाले, वीज वाचनालयाची जळणार, सभासदांना विचारावं लागेल. मी त्यांना सांगितलं, हा बोर्ड एका दिव्याहून कमी वीज खातो. ते "हूं" म्हणाले.

सासूबाई संध्याकाळी पुन्हा डबा घेऊन गेल्या. इतकी वांगी निघतात तरी कुठून?

२० नोव्हेंबर

नाना म्हणाले, विजेचं काही नाही, जळू द्या. आकड्यांचा परिणाम.

२२ नोव्हेंबर

खरं लिहायचं तर भीती वाटते. लग्नाआधी धुळ्याच्या कॉलेजात तासिकेवर शिकवत होते. वर्गात आलं की मुली उठून उभ्या राहायच्या. इथे सगळे चांगले आहेत. मला कुणी काही कमी करत नाही. पण या गावात मी मागितलेली ही पहिलीच गोष्ट. खोली मिळाली नाही तर मी इथे पाहुणीच राहीन. पाहुणीचाही पाहुणचार सगळे चांगलाच करतात.

सासूबाईंचं काही कळत नाही. रोज दुपारी वाचनालयावरून जातात, दळण असो नसो. ओट्यापाशी पाय हळू पडतो. माझ्या खोलीच्या दाराकडे पाहत असणार. त्यांना हे पसंत नाही, असं कधी कधी वाटतं. घरचं काम टाकून सून वाचनालयाची खोली मागत फिरते म्हणून.

रात्री जेवताना तेजसला म्हणाल्या, "शालिग्रामनं आज इस्पिकचा गुलाम फुकट घालवला. हातात राणी होती."

तेजस म्हणाला, "तुले कसं माहीत?"

"लोक बोलतात," म्हणाल्या आणि त्याला भाकरी वाढली.

२५ नोव्हेंबर

भांडी निघाली. बडगी उचलायला चौघे लागले, दोघे उचलायला आणि दोघे सांगायला. खोली शेणाने सारवली नाही, फरशी आहे, पण सासूबाईंनी तीनदा पुसली. जाळी काढली. भिंतीवर भांड्यांचे काळे गोल उमटले आहेत, ते राहिले. तेजसने टीव्ही आणून टेबलावर ठेवला, वायर ओढली. बोर्डासाठी मिठाईच्या डब्याला भोकं पाडली. एकदा चालवून पाहिलं, चाललं. कार्ड काढून डबीत ठेवलं.

सासूबाईंनी विचारलं, "उद्या पूजा करशीन ना मशीनची?"

मी म्हटलं, "तुम्हीच करा, आई. मला सकाळी सुचणार नाही."

"डबी देवापाशी ठेवते."

मी हो म्हटलं. पुसताना त्या एकदम म्हणाल्या होत्या, "मी ह्या गावात आली, तव्हा ह्या ओट्यावर बाईनं बसायचं नव्हतं." मी विचारलं, मग? त्या म्हणाल्या, "मंग काय. बसली नाही." आणि फडकं पिळलं.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

सगळं लिहिते.

सकाळी देवळापुढे आगट्या पेटल्या. वांग्यांचा धूर गावभर. दुपारपर्यंत बडगीत भरीत ठेचणं चाललं, मुसळांचा आवाज खोलीपर्यंत येत होता. आरतीच्या आधी नाना आले. मागे ओट्यावरचे सगळे. त्यांच्यामागे बायका, दाराबाहेर. आत या म्हटलं तर एकमेकींना ढकलायला लागल्या.

मी डबी उघडली, कार्ड न पाहताच बोर्डात घातलं. आता बाजू हाताला ठाऊक आहे. वायर लावली.

तांबडा लागला.

हिरवा नाही.

वायर काढली, लावली. हिरवा नाही. टीव्ही निळा, मग काळा. काल याच जागी चाललं होतं. तेजसने वायर बदलली. नाही. मागून कुणी म्हणालं, "उपास असंन त्याले."

नाना वाईट वाटल्यासारखं म्हणाले, "सूनबाई, होतं असं. बडगी आणू द्या आत." त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मला ते सहन होईना.

सासूबाई गर्दीतून पुढे आल्या. "थांब रे शालिग्राम. गाडी लेट असते." मग माझ्या कानाशी, हळू, "मी पूजा तर केली होती व."

"कशाची, आई?"

"जीव ज्याच्यात हाये, त्याची."

मी कार्ड बाहेर काढलं. उलटं केलं. सोनेरी पट्ट्यांवर हळद, आणि हळदीवर कुंकू. ओल्या बोटाने लावलेलं, नीट, मधोमध, वाळून घट्ट झालेलं. वर अक्षतेचा एक दाणाही चिकटला होता.

गावातल्या कुणीही टीव्हीला कुंकू लावलं असतं. नारळ टेबलापुढे फोडला असता. बोर्ड म्हणजे काय आणि कार्ड म्हणजे काय, हे ज्या बाईला नीट कळलं होतं, तिनेच ते योग्य ठिकाणी लावलं, अगदी तोंडाला.

"माह्यं चुकलं का?" त्यांनी विचारलं. चेहरा लहान झाला होता.

मला हसू आलं. थांबवता येईना. "नाही, आई. जागा बरोबर होती. जेवढं भरवलं तेवढं त्याला गिळता आलं नाही."

तेजसने फडक्याने पुसलं. कुंकू गेलं, हळद रेघांमध्ये बसून राहिली. मी म्हटलं, खोडरबर हवा. शाळा बंद. कुणाला पाठवायचं?

सासूबाई वळल्या. "शालिग्राम, तुझ्या खिशातली पेन्सिल दे. मागे रबर हाये तिले."

नानांचा हात खिशावर गेला. "वहिनी, तुम्हाले काय माहीत?"

"डाव हरला की तू तिनंच आकडे खोडतो. साऱ्या गावाले माहीत हाये."

खोली हसली. दाराबाहेरच्या बायका सगळ्यांत मोठ्याने, आणि हसता हसता आत आल्या. ओट्यावरचा एक जण म्हणाला, "नाना, म्हनून तुम्ही कधी हरत नाही!" नानांनी पेन्सिल दिली. तिचा रबर निम्मा झिजलेला होता.

मी एकेक पट्टी घासली. पिवळं निघालं, सोनं दिसलं. तेजसने बोर्डाच्या फटीत फुंकर मारली, तांबडी पूड उडाली. कार्ड घातलं. बाहेर मुसळं थांबली होती.

वायर लावली. तांबडा.

हिरवा. लुकलुक.

"शिंगल पडला!" सासूबाई ओरडल्या. त्यांना मी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

ओळी पळाल्या. निळं आकाश आलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, पुरुषांनीही. कुणीतरी येळकोट म्हणालं आणि सगळ्यांनी पुढचं म्हटलं.

नाना पडद्याजवळ येऊन वाकून पाहत राहिले. मग सरळ झाले. "बडगी शेडमध्ये," एवढंच म्हणाले. जाता जाता वळले. "वहिनी, आता भरताचा डबा बंद नका करू. खोली दिली म्हनून."

"सांगू नको म्हटलं होतं ना तुले," सासूबाई म्हणाल्या.

कशाबद्दल म्हणाल्या ते मी विचारणार होते, पण आरतीची घंटा झाली.

पंगतीत बायकांनी मला मध्ये बसवलं. भरीत, रोडगे, कांद्याची पात. एकीने विचारलं, उद्या कव्हा उघडशीन? दुसरी म्हणाली, आधी मी. मी सांगितलं, सकाळी दहाला, आधी टंकलेखन. पत्त्यांचा खेळ तेवढा काढायचा राहिलाय. उद्या आधी तेच करेन.

२७ नोव्हेंबर

सकाळी उठले तर स्वयंपाकघरात दूध तापवलेलं नव्हतं. देव्हाऱ्यातली डबी नव्हती. आई घरात नव्हत्या.

खोलीचं दार उघडं होतं. नानांची हात असलेली खुर्ची आत आणलेली. तिच्यात आई मांडी घालून बसल्या होत्या. कार्ड त्यांनीच घातलं होतं, बरोबर बाजूने. कुंकवाचं बोट या वेळी टीव्हीच्या चौकटीला होतं. पडद्यावर पत्ते मांडलेले. नाना खुर्चीमागे उभे होते.

"वहिनी, बदामची सत्ती अठ्ठीवर जाते."

"मले दिसते."

"मंग टाका ना."

"तू गुलाम टाकला होता तसं? थांब. खालचा पाहू दे."

मी खेळ काढला नाही. घरी परतले आणि चहा टाकला.